एक घरचा, एक कामाचा

जयू,

यंदा वर्ष संपलं तेव्हा दवाखान्यात कुणीच कुणाला काही विचारलं नाही. नवं कॅलेंडर आलं, शिपायानं ते जुन्याच खिळ्याला अडकवलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. एरवी एकतीस डिसेंबरच्या दुपारी आपण दोघी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायचो. हायवेवर दमणकडे दारू प्यायला जाणाऱ्या गाड्यांची रांग असायची. संध्याकाळपासून त्यांतलेच काही फुटकी डोकी घेऊन आपल्याकडे येणार हे ठरलेलं, म्हणून ती दुपार आपण आधीच राखून ठेवायचो. यंदा मी ड्रेसिंगच्या खोलीत बसून कापूस कापला. कापूस भरपूर कापलेला होता. तरी कापत राहिले.

तू पावसाळ्यात आमच्याकडे लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झालीस, ते साल २०१४. किडकिडीत, डोळ्यांत पिवळसर झाक, ओढणी घट्ट बांधलेली. मला वाटलं, पोर धड जेवत नसणार. मी तेव्हा तळासरीत बरीच वर्षं नर्स होते, त्यामुळे नव्या माणसाला बघितलं की आजार ओळखायची खोड लागलेली. तुझा ओळखला नाही.

त्या वर्षाअखेरीला नव्या डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि प्रत्येकानं नव्या वर्षाचे दोन संकल्प सांगायचे असं फर्मान काढलं. एक घरचा, एक कामाचा. वॉर्डबॉयनं गालात तंबाखू धरूनच तंबाखू सोडायचं जाहीर केलं. मी वजन कमी करणार होते आणि रिपोर्ट वेळेवर लिहिणार होते. मग तू उभी राहिलीस.

"घरचा म्हणजे, पुढच्या वर्षी ह्याच दिवशी जिवंत असायचं. आणि कामाचा, रक्त घेताना पोरं रडली नाही पाहिजेत."

सगळे हसले. डॉक्टरही हसले. तूही हसलीस, म्हणून कुणाला पुढं काही विचारावंसं वाटलं नाही.

जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी मी लॅबमध्ये आले तर तू टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन पडली होतीस. मी ओरडणार तेवढ्यात तू म्हणालीस, "ताई, आधी दार लाव. पेशंट बघतील."

मी दार लावलं. तुला खाटेवर घेतलं, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. कुठं दुखतंय विचारलं तर म्हणालीस, "हाडात. कुणीतरी उखळात भात कांडतंय असं." आणि मग, वेदना थोडी उतरल्यावर, पेशंटचा रिपोर्ट वाचून दाखवावा तशा आवाजात तू सांगितलंस की तुला सिकलसेल आहे.

कॉलेजात रक्ताची तपासणी शिकवताना मुलींनी एकमेकींच्या बोटाचं रक्त घेतलं होतं. तुझ्या थेंबात औषध टाकून काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा आधी तुझी मैत्रीण बघत होती. ती म्हणाली, हे काहीतरी वेगळंच दिसतंय. मग तू डोळा लावलास. बाकीच्यांच्या पेशी चकतीसारख्या गोल होत्या. तुझ्या वाकलेल्या, टोकदार, विळ्यासारख्या. "माझ्या रक्तात सगळे विळेच विळे होते, ताई. आणि मला एकदम भाऊ आठवले."

तुझे दोन भाऊ लहानपणीच गेले होते. एक तुझ्याआधीचा, एक तुझ्यानंतरचा. दोघांचीही हाडं दुखायची, दोघंही पिवळे पडले, आणि पाड्यावरच्या भगतानं दोघांनाही बाहेरचं लागल्याचं सांगितलं. कोंबडे कापले, धागे बांधले. तुझ्या आईबापांना आपल्या दोघांच्याही रक्तात हे दडलंय याची कल्पना नव्हती. एकाकडूनच आलं असतं तर पोरांना त्रास झाला नसता. दोघांकडून आलं म्हणून आजार झाला. "तीन पोरांत मी एकटी उरले," तू म्हणालीस, "म्हणून तो घरचा संकल्प. थट्टा नव्हती ती."

त्यानंतर आपले संकल्प डॉक्टरांच्या बैठकीतून मागच्या पायरीवर आले. डॉक्टरांची बदली झाली, बैठक बंद पडली, आपली पायरी राहिली. नियम तुझाच. संकल्प जानेवारीत मोडला तरी चालेल, पण सांगताना खोटा नको. मी दरवर्षी स्कूटर शिकायचं ठरवायचे आणि दरवर्षी डहाणूहून जीपमध्ये कोंबून घेत यायचे. तू मला त्यावरून किती छळलंस. चिंचणीला आईकडे जास्त जाईन असंही मी ठरवायचे, आणि तो संकल्प एकदाच धड पाळला, तो तुला सोबत घेऊन. माझी आई ओट्यावर बोंबील उलटत होती. तुला बघून म्हणाली, "शैला, ह्या पोरीला बांधून ठेव, वाऱ्यानं जाईल." आणि निघताना तुझ्या पिशवीत इतकं सुकट भरलं की परतीच्या बसमध्ये लोक आपल्यापासून लांब बसले. तू खिडकीशी बसून हसत होतीस. ते हसणं माझ्याजवळ आहे, जयू. मी जपून वापरते.

कामाचा तुझा पहिला संकल्प तू खराच केलास. पोरं तुझ्याकडे रडायची नाहीत. तू बाही वर करून तुझा हात त्यांच्यासमोर धरायचीस, सुयांनी काळानिळा पडलेला. त्यांच्याच वारली बोलीत सांगायचीस की बघ, मला एवढ्या वेळा टोचलं, मी मेले का? पोर हात बघत राहायचं, तोवर तुझं काम झालेलं असायचं. माझ्या अस्मिताला डेंग्यू झाला तेव्हा ती दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. तू रोज सकाळी तळासरीहून डहाणूला यायचीस, तिचं रक्त घ्यायचीस आणि परत ड्युटीच्या वेळेला लॅबमध्ये हजर असायचीस. त्या दिवसांत तुझ्या स्वतःच्या पायात वेदना होती, हे मला कितीतरी महिन्यांनी बोलता बोलता कळलं. तू सांगितलं नाहीस. मी आभार मानले तर म्हणालीस, "तुझी पोरगी गप्पा भारी मारते. मी त्यासाठी यायची."

२०१५ संपताना तू कामाचा संकल्प मोठा केलास. आपल्या पाड्यांवर लग्न ठरलं की आधी दोघांचं रक्त तपासायचं. मी म्हटलं, लोक मारतील. तू म्हणालीस, "मारू देत. मी आधीच आजारी आहे."

मारलं नाही कुणी, पण दारातूनही घेईनात. तू रविवारी पाड्यावर जायचीस, मी सुट्टी असली की तुझ्यासोबत. डोंगराकडची चढण तुला झेपायची नाही. तू वाटेत बसायचीस, बाटलीतलं पाणी प्यायचीस, "बघ, इथून आमचं शेत दिसतं" असं काहीबाही सांगून दम खाल्ल्याचं लपवायचीस. लोक ऐकून घेत, मान डोलावत आणि ठरल्या दिवशी लग्न लावून मोकळे होत. तेव्हा तू मंगळीआजीकडे गेलीस. आजी म्हणजे तुमची धवलेरी. तिनं लग्नाची गाणी गाऊन देवांना बोलावल्याशिवाय तुमच्यात लग्न लागत नाही. मी त्या दिवशी सोबत होते.

आजीनं तुझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी देव बोलावते, तू सुया बोलावतेस. माझं काम तुझ्या कामात कशाला?"

तू हळूच म्हणालीस, "माझ्या आयेबाचं लग्न तूच लावलंस ना, आजी? त्यांची दोन पोरं घरामागं पुरलीत."

आजी उठून आत गेली. मला वाटलं, संपलं, आता ही बाई पाड्यात पाऊल टाकू द्यायची नाही. आपण दोघी उतरून खाली आलो. पण पुढच्या लग्नसराईत एक दिवस एक मुलगा आणि मुलगी आपल्या दारात उभी राहिली, लाजून एकमेकांकडे न बघता. मुलगी म्हणाली, "आजीनं सांगितलं, रक्त बघितल्याशिवाय गाणार नाही." तू नळाशी जाऊन तोंड धुतलंस. बराच वेळ धूत होतीस.

सगळंच असं गोड झालं नाही. एका जोडप्यात दोघांतही दोष निघाला, मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. ती मुलगी लॅबमध्ये आली आणि पेशंटच्या रांगेसमोर तुला म्हणाली, "तुला कुणी केली नाही, म्हणून तू आमची मोडतेस." तू तिला बस म्हणालीस, पाणी दिलंस. ती न पिता गेली. संध्याकाळपर्यंत तू काचा धूत राहिलीस. धुतलेल्या परत धुतल्यास.

त्या वर्षी पायरीवर तू म्हणालीस, "घरचा सांगते. लग्न करायचं."

"त्या मुलीच्या बोलण्यावरून?"

"नाही. एक जण आहे. मी त्याचं रक्त घेतलंय."

मला हसू आवरेना. दिनेश बोर्डीचा, चिकूच्या पेट्या टेम्पोत घालून बाजारात पोचवणारा. तुझी त्याची ओळख जीपमध्ये झाली आणि दुसऱ्याच भेटीत तू त्याला लॅबमध्ये बसवून सुई टोचलीस. तो पठ्ठ्या सुई बघून घामाघूम. रक्त स्वच्छ निघालं, तेव्हा कुठं तू त्याला तुझ्या आजाराचं सांगितलंस. त्याच्या आईनं कपाळाला हात लावला. आजारी मुलगी घरात आणून काय करणार, असं तिनं विचारलं तर दिनेश म्हणाला, "आपली म्हैस पण सारखी आजारी असते, आपण विकली का?" हे तू मला सांगताना तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून हसून. "मला म्हैस म्हणाला, ताई. आणि मला एवढं बरं वाटलं."

तुझ्या लग्नात मंगळीआजी गायली. तिच्या आवाजाला वयानं चिरा पडल्या होत्या. तू मांडवात बसलीस, उन्हानं लाल झालेली, आणि मी मागं पाण्याची बाटली घेऊन उभी. दर थोड्या वेळानं खांद्यावरून पुढं करायचे. फोटोत प्रत्येक ठिकाणी माझा हात आणि ती बाटली आलीय.

आता ती पायरी सांगायची आहे, २०१७ च्या अखेरची. बाकी सगळं मी सहज लिहून गेले. इथं हात अडतो.

"घरचा सांग," मी म्हटलं.

"मूल."

मी चहाचा कप खाली ठेवला. "हा संकल्प नाही, जयू."

"मग काय आहे?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, धोका आहे. मी म्हटलं, मला रोजच धोका आहे."

"हा रोजच्यासारखा नाही. तुला माहीत आहे. तुझी सिकलसेलची गोळी बंद करावी लागेल. शेवटच्या महिन्यांत दुखणं फुप्फुसात गेलं तर आपल्याकडे काय आहे? कुठं नेणार तुला?"

"मूल आजारी होणार नाही, ताई. दिनेशचं रक्त साफ आहे. ते माझ्याकडून दोष घेईल, पण त्याला त्रास होणार नाही."

"मी मुलाचं विचारत नाहीये. तुझं विचारतेय."

तू हायवेकडे बघत होतीस. अच्छाडच्या नाक्याकडं ट्रक खोळंबले होते. "मी चाळीशी बघेन असं तू छातीवर हात ठेवून सांगशील?"

माझा हात मांडीवरच राहिला.

"मग ज्या वर्षांची खात्री नाही, ती राखून ठेवून मी करू काय?"

"जगायचं. नुसतं जगायचं."

"तुला अस्मिता आहे," तू म्हणालीस. रागानं नाही. रागानं म्हणाली असतीस तर मी भांडले असते. "तुझं नुसतं जगणं वेगळं. माझं वेगळं."

मी उठले आणि आत गेले. तुझा कामाचा संकल्प त्या दिवशी ऐकायचाच राहिला. पुढं कधी तू तो काढला नाहीस, मीही विचारला नाही.

त्यानंतर आपण कामापुरतं बोललो. "सिस्टर, ह्या पेशंटचा रिपोर्ट." "ठेव तिथं." उन्हाळा सरत आला होता, तेव्हा एक दिवस तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस, हातात लघवीच्या तपासणीची पट्टी. रोज दहा बायकांची पट्टी वाचणारी तू, मला विचारत होतीस, "ताई, दोन रेघा आहेत ना? का मलाच दिसतात?"

"आहेत," मी म्हटलं. आणि लगेच, "पाणी पी."

अबोला तिथं संपला. वाद नाही संपला, तो आपण दोघींनी मिळून कपाटावर टाकला. तू पाणी पीत होतीस की नाही ते मी बघायचे, ताप मोजायचे, गोळ्या समोर घ्यायला लावायचे. दोनदा रक्त चढवावं लागलं. पावसाळ्यात तुझी सासू बोर्डीहून चिकू घेऊन यायची आणि मला म्हणायची, "सिस्टरबेन, तुम्ही हिला ओरडा, माझं ऐकत नाही." ओरडायला मला बरं वाटायचं. त्यात काळजी खपून जायची.

दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. तू तेव्हा माहेरी होतीस, पहिलं बाळंतपण आईकडे म्हणून. आधी लोकांना वाटलं खाणीत सुरुंग लावलेत. मग धक्के वाढले, भिंतींना भेगा पडल्या, भांडी मांडणीवरून खाली आली, आणि पाडेच्या पाडे घरं सोडून शेतात आले. प्लास्टिक ताणून त्याखाली म्हाताऱ्या, पोरं, शेळ्या, सगळे एकत्र. आणि थंडी. डोंगराकडची ती दहिवराची, अंथरूण ओलं करणारी थंडी. तुझ्या रक्ताला जे अजिबात सोसत नव्हतं ते.

मी दिनेशला घेऊन तुला न्यायला आले होते. "डहाणूला चल, माझ्याकडे. नाहीतर बोर्डीला सासरी. इथं राहू नकोस."

तू प्लास्टिकखाली आईच्या पाठीला पाठ लावून बसली होतीस. "बा पण नाही आता. आयेला एकटीला टाकून?"

"त्यांनाही घेऊन चल."

तुझ्या आईनं मान हलवली. तिला घर सोडायचं नव्हतं. भेगा पडलेलं, आत जायची भीती वाटणारं घर, पण त्याच्या मागं तिची दोन पोरं होती. तिला तिथून हलवणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि तिला सोडून तू हलणार नव्हतीस.

"रविवारी येते," तू म्हणालीस. "तोवर आयेचं मन वळवते. नक्की."

रविवारच्या आधीच दिनेशचा फोन आला. तुला छातीत दुखत होतं, श्वास पुरत नव्हता. जीप मिळेपर्यंत, उतरेपर्यंत, तळासरीला येईपर्यंत तुझे ओठ निळे पडले होते. ऑक्सिजन लावून आम्ही तुला सिल्वासाला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी करता येण्यासारखं सगळं केलं. हे मी नर्स म्हणून सांगते, मला तिथं दोष द्यायला जागा सापडली नाही. मी शोधली होती.

पोट उघडून मुलगी काढली. महिना आधीच आलेली, पण आल्या आल्या रडली. तुला मास्क लावलेला होता, बोलता येत नव्हतं. तू बोटांनी काहीतरी विचारत होतीस, मला कळेना. तहान? वेदना? दिनेश? मग तू तळहात खालीवर केलास, तराजूसारखा, आणि मला कळलं. मी वजन सांगितलं. तू डोळे मिटून किंचित मान हलवलीस, नमुना व्यवस्थित आलाय असं सांगताना हलवायचीस तशी. मी त्या खुणेला दुसरा अर्थ चिकटवणार नाही. नंतर बरेच लोक मला विचारतात, शेवटचं काही बोलली का. मी सांगते, नाही. वजन विचारलं.

दोन दिवस तू झुंजलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं.

पाड्यावर तुला आणलं तेव्हाही जमीन हलली. बायका किंचाळल्या. मला वाटलं, ह्या धरणीला आज तरी उसंत नाही का. तुझी आई मात्र जागची हलली नाही. तिनं तुझा हात हातात धरला होता, बाही वर करून, आणि त्या सुयांच्या खुणांवरून अंगठा फिरवत होती. तिनं त्या कधी बघितल्या नसाव्यात. तू तिच्यापुढं कधी बाही वर केली नसशील.

तुझ्या दिवसकार्याला दोन म्हातारे कुजबुजले की पोरीनं माणसांच्या रक्तात हात घातला, म्हणून जमीन कोपली. मी उठणारच होते. मंगळीआजीनं आधी तोंड उघडलं. "जमीन कोपली असती तर तुम्हाला नेलं असतं. पोरीला थंडीनं नेलं." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "फाल्गुनात दोन लग्नं आहेत. रक्त कुठं द्यायचं?"

मी सांगितलं, तळासरीलाच. नवा टेक्निशियन आठवड्यातून दोन दिवस येतो. चांगला आहे, हात हलका आहे. फक्त त्याच्याकडे पोरं रडतात. वॉर्डमध्ये तो आवाज आला की मी बाहेर जाऊन उभी राहते. सवय होईल.

आणि रागाचं काय करू, जयू? तू गेल्यावर लोक माझ्याजवळ येऊन म्हणतात, तुम्ही तर आधीच सांगितलं होतं. दिनेशसुद्धा एकदा म्हणाला. ज्यांना वाटतं की याचा मला काही आधार होत असेल, त्यांना मी काय सांगू? मी त्या पायरीवर जे जे बोलले ते सगळं, अगदी ज्या क्रमानं बोलले त्या क्रमानं खरं झालं. फुप्फुसात गेलं. शेवटच्या महिन्यांत गेलं. माझा एक शब्द चुकला असता तर मी तुझ्या पाया पडले असते. कधी वाटतं, जमीन हलली नसती तर? तू डिसेंबर घराच्या आत, चुलीपाशी काढला असतास तर? मग कदाचित तू बरोबर ठरली असतीस आणि मी जन्मभर तुझी बोलणी खाल्ली असती. त्यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं.

आज रविवार. मी बोर्डीला आलेय, तुझ्या सासरी. पोरीला काचेच्या पेटीतून घरी आणून थोडेच दिवस झालेत. अजून वाटी-चमच्यानंच पाजावं लागतं. तुझी सासू पाजते, भिंतीला पाठ न लावता, अंगणात मध्यभागी बसून, कारण इथंही कधीमधी हादरा जाणवतो. जिनं तुला आणायला विरोध केला होता, ती आता पोरीला कुणाच्या हातात द्यायला तयार नसते. मघाशी मात्र स्वतःहून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "घ्या सिस्टरबेन. मी जरा आंघोळ करते." आत गेल्यावर तिचं रडणं ऐकू आलं. पाण्याच्या आवाजात लपेल असं तिला वाटलं असावं.

दिनेश टेम्पो घेऊन बाहेर गेलाय. नाव अजून ठेवलेलं नाही. तो म्हणतो, तुम्ही ठेवा. मी म्हटलं, तिच्या आजीला विचार, दोन्ही आज्यांना विचार. मला त्यात ओढू नकोस.

तू चुकलीस असं मला वाटतं. आजही वाटतं, उद्याही वाटेल, आणि मी ते तुझ्या तोंडावर सांगितलं होतं म्हणून तुझ्यामागंही सांगते. तू असायला हवी होतीस. ही नसती तरी चाललं असतं असं मी त्या दिवशी म्हणू शकत होते, कारण तेव्हा ही नव्हती. आता माझ्या मांडीवर ही झोपलीय, माझा पदर मुठीत धरून, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. दोन्ही खरं आहे, जयू. दोन्ही एकदम खरं कसं असतं, ते तुला विचारायचं होतं.

ती चुळबुळ करतेय. भूक लागली असेल. दूध कोमट करायला हवं.

— शैलाताई